कर्जाचा दुवा : हवामान बदल, स्थलांतर आणि आधुनिक गुलामगिरी यांची पार्श्वभूमी

गुलामगिरी आणि निर्वासितांविषयीचे आंतरराष्ट्रीय कायदे विसाव्या शतकात वेगवेगळ्या वाटांनी घडत गेले आणि त्यांपैकी कशातही हवामानाचा विचार नव्हता. राष्ट्रसंघाने १९२६ मध्ये गुलामगिरीविरोधी करार केला. १९५६ च्या पूरक कराराने कर्जापोटी माणसाला राबवून घेण्याची प्रथाही निषिद्ध ठरवली. दरम्यान, १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून होणाऱ्या छळाच्या भीतीने देश सोडणाऱ्यांना संरक्षण दिले. दुष्काळाने किंवा पुराने उठवलेले कुटुंब या व्याख्येत बसत नाही.

एसाम एल-हिन्नावी यांनी १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी लिहिलेल्या अहवालात 'पर्यावरणीय निर्वासित' ही कल्पना ठळकपणे मांडली. मात्र त्यानंतरची चर्चा सीमा ओलांडणाऱ्या लोंढ्यांभोवतीच फिरत राहिली आणि गाव सोडलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा कर्जात सापडते. लागोपाठ पिके बुडाली की आधी जनावरे विकली जातात, मग जमीन गहाण पडते आणि अखेरीस दलालाकडून उचल घेऊन सगळे घर कामावर जाते. हिशेब मालकाकडे असल्याने उचल फिटली की नाही हे तोच ठरवतो. कंबोडियातील वीटभट्ट्यांवर लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच साखळी दिसते. बेभरवशाच्या पावसाने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची देणी भट्टीमालक फेडतात, त्या बदल्यात त्यांना भट्टीवर बांधून घेतात आणि मुलांनाही त्याच देण्यासाठी राबावे लागते. अर्थात, एकटे हवामान कोणालाही गुलाम करत नाही. भूमिहीनता, महागडी सावकारी आणि कामगार कायद्यांची ढिली अंमलबजावणी आधीपासून असते, म्हणूनच एक वाईट हंगाम इतका घातक ठरतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वॉक फ्री ही मानवाधिकार संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४.९६ कोटी लोक आधुनिक गुलामगिरीत होते, त्यांपैकी २.७६ कोटी सक्तीच्या श्रमात, तर २.२ कोटी सक्तीच्या विवाहात. त्याच वर्षी जागतिक बँकेने इशारा दिला, की २०५० पर्यंत हवामानामुळे २१.६ कोटींपर्यंत लोकांना आपल्याच देशात स्थलांतर करावे लागू शकते. सीमा न ओलांडणाऱ्या या लोकांपर्यंत निर्वासितांचा कायदा पोहोचतच नाही, त्यामुळे त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्याच देशातील वेठबिगारीविरोधी आणि कामगार कायद्यांवर येते.