साथ यायच्या आधीच करून ठेवा : जनावरांचा बिल्ला, लस आणि दाखले

लम्पी (जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग) गावात शिरली की दवाखान्यासमोर एकच गर्दी होते. कोणाच्या बैलाला बिल्लाच नाही, तर कोणाच्या गाईच्या बिल्ल्यावर अजून जुन्याच मालकाचं नाव. त्या धावपळीत कागद होत नाहीत, म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरकून घ्या.

बिल्ला

कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा 12 अंकी क्रमांक म्हणजे जनावराचं आधार कार्डच. तो 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नोंदवला जातो. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. सरकारी दवाखान्यातली सेवा बिल्ल्यावरच मिळते, आणि विजेच्या धक्क्यानं किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर भरपाईही बिल्ल्याशिवाय मिळत नाही. ताडोबा-मेळघाटाच्या कडेला राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

बिल्ल्यासाठी सातबारा लागत नाही. मजुरी करून एक गाय पाळणाऱ्या भूमिहीन बाईलाही तो मिळतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधार कार्ड आणि मोबाइल क्रमांक द्या. जनावराची जात, वय, वेत (कितव्यांदा व्यालं), गाभण आहे का, हेही सांगा. मोबाइल क्रमांक घरात राहणाऱ्या माणसाचाच द्या, पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाचा नको. बिल्ला तुटला किंवा झुडपात अडकून पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या आणि जुना क्रमांकही सांगा, नाहीतर आधीच्या लसींची नोंद जुळत नाही.

लस

लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा. ब्रुसेलोसिसची लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच. ती राहून गेली की पुढे गाभ फेकण्याचा (गर्भपाताचा) धोका राहतो, आणि हा रोग माणसालाही लागतो. लम्पीची लस निरोगी जनावरालाच टोचतात, आणि रोगाशी लढायची ताकद अंगात यायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे बाजाराच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. लस झाली की बिल्ल्याच्या क्रमांकावर नोंद झाली का, ते तिथंच विचारा.

आजार दिसला तर

ताप, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर गाठी, पायाला सूज. यातलं काहीही दिसलं की त्या दिवसापासून जनावर आखरावर (गावची गुरं एकत्र जमतात तिथं) सोडू नका आणि गायकीलाही (गुरं चारणाऱ्याला) सांगून ठेवा. कोठ्यात (गोठ्यात) वेगळं बांधा, त्याची गव्हाण आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. माश्या, डास, गोचीड यांचा बंदोबस्त करा, कारण लम्पी मुख्यतः त्यांच्यामार्फतच पसरते. मग दवाखान्यात किंवा 1962 या हेल्पलाइनवर कळवा. 2009 च्या केंद्रीय कायद्यानं ही खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. लोक लपवतात ते बाजार बंद होईल या भीतीनं. ती भीती समजते, पण लपवलेल्या एका गाठीपायी अख्ख्या गावाचे बैल पेरणीच्या तोंडावर कोठ्यात बसतात.

वाहतूक

गाडीतून जनावर न्यायचं तर ते प्रवासास योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. तो घ्यायला बिल्ल्याचा क्रमांक, लसीची नोंद आणि प्रत्यक्ष जनावर न्यावं लागतं. जनावर न बघता दाखला मागू नका, आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. साथीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. लम्पीच्या वेळी वाहतुकीआधी लसीला 28 दिवस झालेले असण्याची अट होती.

जनावर दगावलं तर

आधी पंचनामा, मग पुरणं. इथंच बहुतेकांचं नुकसान होतं. दुःखात लोक लगेच खड्डा खणतात आणि पुरावा मातीत जातो. कानातला बिल्ला स्पष्ट दिसेल असा फोटो काढा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा, सरपंच किंवा तलाठ्यालाही कळवा. अर्जासोबत पंचनामा, फोटो, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत जोडा, आणि पोच घ्या. 2022 च्या लम्पीत राज्यानं गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले होते. अशी मदत त्या-त्या साथीच्या शासन निर्णयावर ठरते, म्हणून सध्या लागू असलेला निर्णय पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून बघून घ्या. पुरताना खड्डा 8 फूट खोल, चुना टाकून, विहीर-नाल्यापासून दूर.

नवीन जनावर आणलं तर नाव बदलायला विक्रीची पावती घेऊन त्याच आठवड्यात दवाखान्यात जा, आणि ते जनावर महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं बांधा.