‘मॅड मॅक्स’: कॅज्युअल्टीतून निघालेला रस्ता

येत्या रविवारी नागपूरच्या धरमपेठेत एका मित्राच्या घरी आम्ही काही जण १९७९चा पहिला ‘मॅड मॅक्स’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट पुन्हा पाहणार आहोत. त्याआधी थोडं मागचं.

मॅक्स, म्हणजे या चित्रपटाचा पोलीस नायक, म्हटलं की अनेकांना वाळवंट आठवतं. ते नंतरच्या भागांतलं. इथे मेलबर्नच्या आसपासची गवताळ माळरानं आहेत, सरळसोट डांबरी रस्ते आहेत, आइस्क्रीम घ्यायला थांबणारं कुटुंब आहे. पोलीस आहेत, वकील आहेत. कायद्यातला जीव तेवढा गेला आहे. पूर्ण बुडालेल्या जगापेक्षा हे बुडू लागलेलं जग मला जास्त धडकी भरवतं.

दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे डॉक्टर. इथल्या ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, कॅज्युअल्टीत ज्याने एखादी रात्र काढली आहे, त्याला हा चित्रपट कुठून आला ते लगेच कळेल. सिडनीच्या रुग्णालयात मिलर यांनी रस्त्यावर चिरडलेली माणसं पाहिली होती. क्वीन्सलँडमध्ये वाढताना ओळखीची पोरंही अपघातात गेली होती. दुसरा धागा तेलाचा. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. टाकी भरायला निघालेला साधा माणूस किती हिंस्र होतो, हे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड या पत्रकाराने त्या टंचाईत टिपलं होतं.

पैसे मात्र जेमतेम साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. गर्दी परवडणार नव्हती, चकचकीत इमारतीही नव्हत्या, म्हणून कथा ‘आजपासून काही वर्षांनी’ घडते आणि पडक्या वास्तू, ओसाड रस्ते कथेचेच होऊन जातात. मिलर यांची स्वतःची व्हॅन एका धडकेत फोडली गेली. खरं चामडं अगदी मोजक्यांच्या अंगावर, बाकीचे पोलीस रेक्झिनमध्ये. संकलन घरीच झालं, निर्माते बायरन केनेडी यांच्या वडिलांनी बनवलेल्या यंत्रावर. तरीही ते पहिले पाठलाग बघा! कॅमेरा रस्त्याला इतका लगटून धावतो की पोटात गोळा येतो.

दोष आहेत, आणि ते बजेटच्या माथी मारून चालणार नाही. मधला भाग रेंगाळतो. मॅक्सच्या ज्या सुडासाठी सगळी मांडणी, तो शेवटच्या काही मिनिटांत उरकतो. सर्वांत खुपते ती मॅक्सची बायको जेसी. जोअॅन सॅम्युअल या भूमिकेत आल्या त्या आयत्या वेळी, आधीची अभिनेत्री मोटरसायकल अपघातात जखमी झाल्यामुळे. त्यांनी जीव ओतला आहे, पण पटकथेने जेसीला नवऱ्याच्या संतापाचं कारण होण्यापलीकडे काहीच दिलेलं नाही.

न्यूझीलंड आणि स्वीडनने चित्रपटावर बंदी घातली. अमेरिकेत ऑस्ट्रेलियन उच्चार कळणार नाहीत म्हणून संवाद अमेरिकी आवाजांत डब झाले, अगदी मॅक्स झालेल्या मेल गिब्सनचेसुद्धा. जगभरातली कमाई मात्र दहा कोटी डॉलरच्या घरात गेली.

रविवारी आम्ही मूळ आवाजातलीच प्रत लावणार आहोत.