स्पॉट ऑन

स्पॉट ऑन : ‘अगदी बरोब्बर’, ‘नेमके’ या अर्थाचा अनौपचारिक इंग्रजी शब्दप्रयोग. मूळचा ब्रिटिश इंग्रजीतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो रुळला. ‘स्पॉट’ म्हणजे ठिपका किंवा ठरलेली जागा. नेम त्याच जागी बसला, असा अर्थ त्यातून सहज लागतो.

जे चुकू शकले असते आणि चुकले नाही, त्याला दिलेली ही दाद आहे. अंदाज, भाकीत, रोगनिदान, एखाद्याची हुबेहूब नक्कल यांना ती शोभते. दोन आणि दोन चार, यावर कोणी ‘स्पॉट ऑन’ म्हणत नाही. शेतात वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगाकडे नुसते पाहून जाणता शेतकरी ‘आठ क्विंटल भरेल’ म्हणतो आणि वजनकाट्यावर आठच भरतात, तेव्हा खानदेशात ‘बरोब्बर!’ निघते. अहिराणीत ‘तुना अंदाज एकदम बरोबर शे’. इंग्रजी शब्दाची खरी जागा हीच.

खानदेशात मात्र या शब्दाची ‘ऑन द स्पॉट’शी गल्लत होऊ शकते, आणि त्याला कारण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात ‘स्पॉट’ शब्द आधीपासून वेगळ्या अर्थाने मुरलेला आहे. कापसाचा ‘स्पॉट भाव’ म्हणजे वायद्याचा नव्हे, तयार मालाचा भाव. ‘ऑन द स्पॉट पेमेंट’ म्हणजे जागेवरच रोख पैसे. त्यामुळे ‘तुझं उत्तर ऑन द स्पॉट आहे’ असे लिहिले जाऊ शकते. त्यातून लिहिणाऱ्याला हवा असलेला अर्थ निघत नाही: ‘ऑन द स्पॉट’ उत्तर तत्काळ दिलेले असते, पण ते साफ चुकीचेही असू शकते. शिकवणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा.

व्याकरणात हा प्रयोग बहुधा क्रियापदानंतर येतो; नामाआधी आला तर मध्ये संयोगचिन्ह देतात. त्याला कमी-जास्त सहसा लावत नाहीत. मराठीतही ‘थोडे तंतोतंत’ म्हणवत नाही, ‘अगदी तंतोतंत’ म्हणतो. तंतू म्हणजे धागा; धागा धाग्याशी जुळला की जुळला.

जवळचे प्रयोग : ‘बँग ऑन’ हाही ब्रिटिश, ‘ऑन द मनी’ अमेरिकी वळणाचा, तर ‘ऑन द डॉट’ फक्त वेळेसाठी. सरकारी अहवालात किंवा प्रबंधात यांपैकी एकही चालत नाही. तिथे ‘अ‍ॅक्युरेट’ किंवा ‘एक्झॅक्ट’ लिहितात.