‘इव्हिक्ट’: जमिनीच्या दाव्यातून भाडेकरूच्या दारापर्यंत

भाडेकरूला घराबाहेर काढणे, हा ‘इव्हिक्ट’चा आज रूढ झालेला अर्थ. मुळात मात्र या शब्दात ना भाडे होते ना भाडेकरू. लॅटिनमधल्या ‘एव्हिंकेरे’मध्ये ‘विंकेरे’, म्हणजे जिंकणे, दडलेले आहे. ‘व्हिक्टरी’ आणि ‘कन्व्हिक्ट’ही त्याच कुळातले. रोमन कायद्यात ‘एव्हिक्टिओ’ची झळ खरेदीदाराला लागे. त्याने पैसे मोजून घेतलेली वस्तू कुणी तिसराच येऊन, आपला हक्क कोर्टात सिद्ध करून घेऊन जाई. असे झाले तर दुप्पट किंमत परत करीन, असे वचन विक्रेत्याकडून सौद्याच्या वेळीच घेण्याचा प्रघात होता. फ्रेंच दिवाणी संहितेच्या १६२६ व्या कलमात हा शब्द अजूनही खरेदीदाराच्या बाजूने उभा आहे. भाडेकरूला काढण्यासाठी फ्रेंच लोक ‘एक्सपल्सिओं’ म्हणतात.

इंग्रजीत हे क्रियापद पंधराव्या शतकात आले, तेही दावा जिंकून मालमत्ता परत मिळवणे या अर्थाने. म्हणजे त्या काळी जमीनसुद्धा ‘इव्हिक्ट’ होई. माणूस या क्रियापदाचे कर्म नंतर झाला.

अर्थाच्या नात्याने त्याचे भावंड ‘इजेक्ट’, म्हणजे बाहेर फेकणे. त्याची कथा अधिक मासलेवाईक आहे. इंग्लंडमध्ये मुदतीच्या पट्ट्याने जमीन कसणाऱ्याला आधी फक्त नुकसानभरपाई मागता येई, जमीन परत मिळत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘इजेक्टमेंट’च्या दाव्यात गेलेला ताबाही मिळू लागला. हे हत्यार घडले ते हुसकावलेल्या कुळासाठी. पण जुन्या मालकी-दाव्यांपेक्षा ते इतके सुटसुटीत होते की मालकांनीच ते उचलले. त्यासाठी ‘जॉन डो’ नावाचे एक कुळ कागदावर जन्माला घालायचे आणि त्याला ‘रिचर्ड रो’ने हाकलले असे सांगायचे. दोघेही काल्पनिक, दावा मात्र खरा! वकिलांचे हे नाटक १८५२ च्या कायद्याने बंद पडले.

शब्दाला काळी छटा आली ती आयर्लंडमध्ये. १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले, खंड थकला. चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठी घेतला जाणारा कर) जमीनदाराच्या माथी होता, त्यामुळे लहान कुळे काढून टाकणे त्याच्या फायद्याचे ठरे. १८४७ च्या ‘ग्रेगरी कलमा’ने पाव एकराहून जास्त जमीन धरून असणाऱ्याला सरकारी मदत नाकारली; पोटाला हवे तर जमीन सोडा, असा त्याचा अर्थ. कुटुंब पुन्हा घुसू नये म्हणून पहारी घेतलेल्या टोळ्या झोपडीचे छप्पर उतरवत. १८४९ पासून पोलीस या घटनांची आकडेवारी ठेवू लागले. माझ्या मते, कोर्टातला कोरडा शब्द घरोघरी पोहोचला तो इथे.

१८७९ मध्ये आयरिश कुळांच्या हक्कांसाठी लढणारी लँड लीग ही संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मेयो परगण्यात लॉर्ड अर्नचे कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट कुळांना काढायला निघाले, तेव्हा गावाने त्यांच्याशी व्यवहारच तोडला. एका क्रियापदाच्या अतिरेकातून इंग्रजीला दुसरे क्रियापद मिळाले: ‘बॉयकॉट’, म्हणजे बहिष्कार घालणे. १८८१ च्या कायद्याने आयरिश कुळांना वाजवी खंड, ताब्याची शाश्वती आणि हक्क विकण्याची मुभा दिली.

शहरी भाडेकरूला संरक्षण मिळायला पहिले महायुद्ध यावे लागले. १९१५ मध्ये ग्लासगोतल्या बायकांनी भाडे रोखून धरले आणि त्याच वर्षी संसदेने भाडेवाढीवर बंधन घातले. इंग्लंड-वेल्समध्ये १९७७ चा ‘प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन’ कायदा भाडेकरूला बेकायदा काढणे हा फौजदारी गुन्हा मानतो.

वापराचे म्हणाल तर ‘इव्हिक्ट समवन फ्रॉम’ ही नेहमीची रचना, आणि बोलण्यात ‘गेट इव्हिक्टेड’. नुसती नोटीस आली म्हणजे माणूस ‘इव्हिक्ट’ झाला असे होत नाही. भाडेकरू आपणहून निघून गेला तरी हा शब्द बहुधा लागत नाही. अपवाद ‘कन्स्ट्रक्टिव्ह इव्हिक्शन’चा: अमेरिकी कायद्यात, मालकाने पाणी किंवा हीटिंग बंद ठेवून घर राहण्यालायक ठेवले नाही आणि भाडेकरू त्यामुळे बाहेर पडला, तर दाराला हात न लावताही त्याला काढले असे धरले जाते.