स्टॉक फोटोंचे कीवर्डिंग आणि अनेक एजन्सींकडे सादरीकरण (सोलापूर)

कुणी मागणी नोंदवण्याआधीच काढून ठेवलेल्या आणि परवान्यावर पुन्हा पुन्हा विकल्या जाणाऱ्या फोटोला स्टॉक फोटो म्हणतात. एजन्सीच्या साठ्यात तो गिऱ्हाइकाला सापडावा म्हणून त्याला शीर्षक, वर्णन आणि शोधशब्द जोडण्याचे काम म्हणजे कीवर्डिंग. तोच फोटो तोच मजकूर घेऊन चार-पाच एजन्सींकडे रवाना करणे हा त्याच कामाचा पुढचा भाग. दोन्ही कामे कॅमेरा पिशवीत गेल्यावर सुरू होतात आणि नवख्याचा उत्साह बहुतेक वेळा इथेच आटतो.

सोलापुरात विषयांची वाण नाही. पूर्व भागातले यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल, विडी वळणाऱ्या बायका, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, जानेवारीतली गड्डा यात्रा, थंडीतला हुरडा, जवळच पंढरपूर आणि अक्कलकोट. अडचण निराळी आहे. परदेशातला डिझायनर शोधाच्या चौकटीत ‘सोलापूर’ लिहीत नाही. तो ‘कापड उद्योग, कामगार, आशिया’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकतो. त्याच्या शब्दांपासून इथल्या मागापर्यंत वाट काढून देणे एवढेच कीवर्डिंगचे काम, आणि ती वाट नीट असेल तर बेताचा फोटोही विकला जातो. वाट नसेल तर उत्तम फोटो साठ्यात पडून राहतो.

या बाजाराचे आजचे रूप फार जुने नाही. ब्रिटनमधली अलामी ही एजन्सी १९९९ची. २००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात आयस्टॉकफोटो सुरू झाली आणि हौशी छायाचित्रकारांचे फोटो अगदी स्वस्तात विकण्याचा, म्हणजे मायक्रोस्टॉकचा, पायंडा पडला. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक आली. गेटी इमेजेसने २००६ साली आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना घेतली. फोटोलिया ही अशीच एजन्सी अ‍ॅडोबीने २०१५ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी अ‍ॅडोबी स्टॉक सुरू केली. एकाच ठिकाणी अनन्य म्हणून बांधून घेतलेला छायाचित्रकार तोच फोटो इतरत्र विकू शकत नाही. त्यामुळे पुढचे सारे विवेचन अनन्य करार न केलेल्यांसाठी आहे.

मजकूर फाइलच्या पोटात

प्रत्येक संकेतस्थळावर जाऊन तेच पन्नास शब्द पुन्हा टंकत बसणे ही या धंद्यातली सर्वांत मोठी वेळखाऊ चूक. जेपीजी फाइलच्या आतच मजकूर साठवण्याची सोय असते. १९६५ साली स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचे रकाने ठरवून दिले आहेत: शीर्षक, वर्णन, कीवर्ड, छायाचित्रकाराचे नाव, शहर, स्वामित्वहक्क. लाइटरूम, ब्रिज हे फोटो हाताळायचे प्रोग्रॅम, फुकटात मिळणारे डिजिकॅम किंवा आज्ञा लिहून चालवायचे एक्झिफटूल, यांपैकी कशानेही ते भरता येतात. एजन्सीकडे फाइल पोचली की तिथली यंत्रणा हे रकाने वाचून स्वतःच्या अर्जात उतरवते. काही ठिकाणी वाक्य शीर्षकाच्या रकान्यातून उचलले जाते, काही ठिकाणी वर्णनाच्या. म्हणून जाणकार दोन्हीकडे लिहून ठेवतात.

मजकूर एकदाच लिहायचा तर तो सर्वांत कडक नियमात बसणारा हवा. अ‍ॅडोबी स्टॉक सत्तर अक्षरांपर्यंतचे शीर्षक सुचवते, शटरस्टॉकच्या वर्णनाला दोनशे अक्षरे मिळतात. यावरचा साधा उपाय असा की वाक्याच्या पहिल्या सत्तर अक्षरांतच विषय, क्रिया आणि ठिकाण येऊ द्यावे व बाकीचा तपशील मागून जोडावा. कीवर्ड शटरस्टॉकवर किमान सात आणि कमाल पन्नास, अ‍ॅडोबी स्टॉकवर कमाल एकोणपन्नास. अलामीवर पन्नास, आणि त्यातले दहा ‘सुपरटॅग’ म्हणून वर काढता येतात. तेव्हा एकोणपन्नासला थांबले की तिन्हीकडे चालते. खरे तर चांगल्या फोटोला पंचवीस-तीस नेमके शब्द पुरतात. आकडा गाठण्यासाठी कोंबलेले शब्द फोटोला नको त्या शोधात नेऊन बसवतात, तिथे त्याला कुणी उघडत नाही, आणि न उघडला जाणारा फोटो यंत्रणा हळूहळू मागे ढकलते.

एका मागाचा फोटो

जॅकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर विणणारा कामगार, मागे ताण्याच्या ताठ दोऱ्यांची रांग, खिडकीतून येणारा उजेड, असा एक फोटो घेऊ. शब्द इंग्रजीतच द्यावे लागतात. पहिल्या दहांत चित्रात ठळक दिसणारे आणि गिऱ्हाईक खरोखर टाकेल ते: पॉवरलूम, वीव्हर, वीव्हिंग, टेक्स्टाइल, फॅक्टरी, वर्कर, कॉटन, इंडस्ट्री, इंडिया, जॅकार्ड. अ‍ॅडोबी स्टॉक पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन देते, म्हणून हा क्रम गमतीचा नाही. त्यानंतर बारकावे: यार्न, थ्रेड, वॉर्प, ब्लँकेट, मशिन. मग ठिकाण: सोलापूर, महाराष्ट्र, साउथ एशिया. ब्रिटिश अमदानीतले ‘एसएचओ’पासून सुरू होणारे सोलापूरचे स्पेलिंगही द्यावे, कारण जुन्या संदर्भांवर काम करणारे संपादक तेच टाकतात. सर्वांत शेवटी कल्पना: लेबर, मॅन्युफॅक्चरिंग, लाइव्हलीहूड, स्मॉल बिझनेस.

चादर हा शब्दही ठेवावा, पण ब्लँकेट आणि बेडस्प्रेडच्या मागे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाने शोधणारा वाचक-संपादक असतो, मात्र तो थोडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये मानांकन मिळाले. तिच्या फोटोवर ज्वारीबरोबर सोर्गम, मिलेट आणि ग्लुटेन-फ्री हे शब्द नसतील तर आहारावर लिहिणाऱ्यांना तो दिसायचाच नाही.

या फोटोला ‘हँडलूम’ आणि ‘हँडमेड’ जोडण्याचा मोह होतो, कारण ते शब्द खपतात. पण माग विजेवर चालतो आहे. असे खोटे शब्द कीवर्ड स्पॅममध्ये धरले जातात आणि वारंवार केल्यास खात्यावर कारवाई होते. शिवाय हातमागाची जाहिरात करणाऱ्याने यंत्रमागाचा फोटो छापला तर पहिला हसणारा सोलापूरकरच असेल.

आयस्टॉक (आधीची आयस्टॉकफोटो) आणि गेटीचे काम थोडे वेगळे चालते. तिथे मोकळे शब्द चालत नाहीत, ठरावीक शब्दकोशातली नोंद निवडावी लागते. धोट्यासाठी ‘शटल’ टाकले की यंत्रणा विचारते, अवकाशयान, बॅडमिंटनचे फूल, प्रवासी गाडी की मागाचा धोटा? इथे घाईत पहिला पर्याय दाबणाऱ्याचा माग थेट अंतराळात जातो. प्राणी-पक्ष्यांच्या बाबतीत शास्त्रीय नाव अनिवार्य समजावे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याचे ‘आर्डिओटिस नायग्रिसेप्स’ हे नाव नसेल तर पाठ्यपुस्तकवाले आणि विज्ञान नियतकालिके त्या फोटोपर्यंत येत नाहीत.

हल्ली एजन्सीची यंत्रेच कीवर्ड सुचवतात. आकाश, झाड, माणूस यांत ती पटाईत आहेत. स्थानिक गोष्टींत मात्र त्यांच्यावर विसंबू नये. कडक भाकरीच्या चळतीला यंत्र टॉर्टिया म्हणू शकते आणि शेंगाचटणीला तिखटाची पूड. सूचना घ्याव्यात, पण चाळून.

गड्डा यात्रा: व्यापारी की संपादकीय?

संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. सात उंच नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते पेलतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. या गर्दीत ओळखू येणारे शेकडो चेहरे असतात आणि कुणाचीही लेखी संमती घेतलेली नसते. असा फोटो जाहिरातीसाठी विकता येत नाही. तो संपादकीय म्हणून जातो, म्हणजे वर्तमानपत्र, मासिक, पुस्तक अशा वापरापुरता.

संपादकीय फोटोचे वर्णन बातमीच्या शिस्तीत लिहावे लागते. शटरस्टॉकला आधी शहर, राज्य वा देश, मग आडवी रेघ, महिना-तारीख-वर्ष, अपूर्णविराम (:) आणि त्यानंतर घडलेले तेवढेच, अशी मांडणी लागते. तारीख फोटो काढल्याची हवी, पाठवल्याची नव्हे. ‘काठ्या धरलेले पुरुष’ एवढे लिहून सोडले तर फोटोचा जीवच जातो. नंदीध्वज, यात्रेचे नाव, कोणता विधी, कोणता दिवस हे सगळे द्यायचे, आणि सोलापूरच्या छायाचित्रकाराला हे तोंडपाठ असते. बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्याला अक्षता सोहळा आणि होम प्रदीपन यांतला फरक विचारत बसावा लागतो. संपादकीयाबाबत प्रत्येकीचे धोरण वेगळे आहे. अलामी बातमीवजा चित्रे मोकळ्या हाताने घेते, अ‍ॅडोबी स्टॉकचे दार त्या मानाने अरुंद. म्हणून यात्रेची खेप वेगळ्या फोल्डरात ठेवून मोजक्याच ठिकाणी पाठवणे श्रेयस्कर.

मागावरच्या कामगाराचा फोटो व्यापारी म्हणून द्यायचा असेल तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्याचे सही केलेले संमतीपत्र, हवा. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही लागते. पूर्व भागात घरची भाषा बऱ्याचदा तेलुगू, शहराच्या इतर भागांत कन्नड किंवा उर्दूही. इंग्रजी कागदावर नुसता अंगठा घेऊन मोकळे होणे कायद्यात कदाचित बसेल, माणुसकीत बसत नाही. फोटो कुठेही, कशाच्याही जाहिरातीत दिसू शकतो, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगूनच सही घ्यावी. चादरीवरचे कारखान्याचे लेबल, टॉवेलवरचा शिक्का हे व्यापारी फोटोतून पुसावे लागतात.

पाठवणी

फाइली एकेक करून ब्राउझरमधून चढवण्यापेक्षा एफटीपीने, म्हणजे फाइली थेट एजन्सीच्या सर्व्हरवर गठ्ठ्याने पाठवण्याच्या पद्धतीने, पाठवणे सोयीचे. फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक एजन्सीचा पत्ता एकदा साठवला की संध्याकाळी खेप लावून झोपता येते. मध्येच वीज किंवा नेट गेले तर तुटलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येते. अ‍ॅडोबी स्टॉकसाठी सुरक्षित जोडणी लागते आणि तिचा पासवर्ड नेहमीच्या खात्याहून वेगळा तयार करून घ्यावा लागतो. फाइल जेपीजी, एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगपद्धतीत आणि किमान चार मेगापिक्सेलची असली की अ‍ॅडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक दोन्हींना चालते. अलामी याहून मोठी मागते.

लाइटरूममधली एक खोड इथे सांगायला हवी. ते कीवर्ड वर्णानुक्रमे लावते. मेहनतीने ठरवलेले पहिले दहा शब्द बाहेर पडताना ए, बी, सीच्या रांगेत उभे राहतात. त्यामुळे क्रमाला किंमत देणाऱ्या एजन्सीसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी मजकूर-फाइल) तक्ता वापरतात: फाइलचे नाव, शीर्षक, कीवर्ड, वर्ग, असे स्तंभ. आधी फोटो चढवायचे, मग तक्ता. फाइलचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे, मोठ्या-लहान लिपीसकट, नाहीतर ओळ वाया जाते. एकाच शूटमधल्या फोटोंना सामाईक शब्द एकदम लावून नंतर प्रत्येकाचे वेगळेपण भरणे हा वेळ वाचवण्याचा खरा मार्ग, आणि एक्सपिक्ससारखी खास याच कामासाठी बनवलेली साधनेही आहेत. मात्र एकाच मागाचे वीस सारखे फोटो पाठवू नयेत. ‘सारखेपणा’ हे नकाराचे नेहमीचे कारण आहे. अलामीत तर खेपेतला एक फोटो तांत्रिक तपासणीत नापास झाला की बाकीचेही परत येतात.

एकीने नाकारलेला फोटो दुसरी घेते, हे रोजचे. कुठला फोटो कुठे गेला, कुठे अडला, याची साधी एक्सेल वही ठेवली नाही तर महिन्याभरात गोंधळ होतो. फाइलमधला मजकूर चढवतानाच वाचला जातो. नंतर स्पेलिंग सुधारायचे तर प्रत्येक संकेतस्थळावर स्वतंत्रपणे जावे लागते. सणांचे फोटो दोन-तीन महिने आधी साठ्यात असावेत, म्हणजे दिवाळीच्या पणत्या श्रावणातच गेलेल्या बऱ्या.

मोबदला

अ‍ॅडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के वाटा देते. शटरस्टॉकने जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या. दर जानेवारीत सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर येतात आणि वर्गणीदाराच्या डाउनलोडमागे दहा सेंटही हातात पडू शकतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेबाहेरच्यांसाठीचा करविषयक अर्ज पॅन क्रमांकासह भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के, न भरल्यास ३०. हा अर्ज पहिल्याच दिवशी भरावा.

एजन्सी जितक्या जास्त तितकी कमाई जास्त, हा हिशेब कागदावरच बरोबर येतो. प्रत्येकीची पैसे काढण्याची किमान मर्यादा वेगळी आहे: अ‍ॅडोबी स्टॉकची २५ डॉलर, ड्रीम्सटाइमची १००. दहा ठिकाणी थोडे थोडे साचत राहिले तर वर्षानुवर्षे एकाही ठिकाणचे पैसे बँकेत येत नाहीत. लहान साठा असलेल्याने तीन-चार एजन्सी निवडून तिथले शब्द नीट ठेवावेत, आणि पाचवीचा विचार पहिल्या तिघींकडून पैसे येऊ लागल्यावर करावा.