७२ तासांची शिदोरी: अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीतील घरगुती आपत्तीसज्जतेची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ‘हेलीन’ चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले. पण सर्वाधिक बळी गेले ते नॉर्थ कॅरोलिना राज्यात, मुख्यतः समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा प्रशासकीय विभाग). नद्यांनी रस्ते आणि पूल ओढून नेले, दरडी कोसळल्या, वीज आणि मोबाइल सेवा एकदमच बंद पडल्या, आणि काही वस्त्यांपर्यंत मदत पोहोचवण्यासाठी खेचरांच्या पाठीवर सामान लादावे लागले. या एका राज्यात १०० हून अधिक माणसे दगावली. घरात किमान तीन दिवस पुरेल एवढे अन्नपाणी ठेवावे, हा सल्ला अमेरिकी कुटुंबे वर्षानुवर्षे ऐकत आली आहेत. डोंगरातल्या अनेक घरांना त्या वेळी तो पुरला नाही, आणि याची कारणे वादळाच्या बरीच आधीची आहेत.

मैदानी प्रदेशातील शेतकरी कुटुंबांची सज्जता सरकारी सल्ल्यांपेक्षा जुनी आहे. घराजवळ जमिनीत खणलेले, वरून मातीने झाकलेले आणि तिरप्या दारातून पायऱ्यांनी उतरायचे तळघर हे तिथल्या शेतांवर नेहमी दिसे. एरवी त्यात बटाटे आणि हिवाळ्यासाठी भरलेल्या बरण्या असत. आभाळाचा रंग पालटला की घरातली माणसे तिथेच उतरत. मात्र केव्हा उतरायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. लोकांत घबराट पसरेल या भीतीने सरकारी हवामान खात्याने अंदाजांत ‘टोर्नेडो’ (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा विध्वंसक भोवरा) हा शब्द वापरणेच कित्येक दशके टाळले. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर धावत गेलेल्या टोर्नेडोने ६९५ जणांचा बळी घेतला, तोही कोणत्याही पूर्वसूचनेविना. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा अंदाज वर्तवला आणि त्याच संध्याकाळी तो खरा ठरला. त्यानंतरच हवामान खात्याची ही अढी हळूहळू सुटत गेली.

घराघरांतील साठ्याला सरकारी मोहिमेचे रूप आले ते मात्र वादळामुळे नव्हे, तर अणुबॉम्बच्या धास्तीने. १९५० च्या नागरी संरक्षण कायद्यानंतर स्थापन झालेल्या यंत्रणेने त्या दशकाच्या मध्यास ‘आजीचे कोठार’ या अर्थाच्या नावाने मोहीम चालवली आणि प्रत्येक गृहिणीला सात दिवसांचे अन्न साठवण्यास सांगितले. जुन्या ग्रामीण घरांतील भरलेल्या फडताळांची आठवण देऊन शहरी गृहिणींचे मन वळवण्याचा तो प्रयत्न होता. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी किरणोत्सारी धुळीपासून बचावासाठी निवारे उभारण्याचे आवाहन केल्यावर साठ्याची मुदत दोन आठवड्यांवर गेली, कारण तेवढ्या काळात किरणोत्साराची तीव्रता बरीच उतरते.

म्हणजे सात आणि चौदा दिवसांचे आकडे आधीचे, आणि तीन दिवसांचा आकडा नंतर रूढ झालेला. ही घट केंद्रीय मदतीवरील वाढत्या भरवशाची खूण आहे, असे मला वाटते. १९५० पूर्वी प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, वेगळा ठराव करीत असे. त्या वर्षीच्या आपत्ती मदत कायद्याने कायमची तरतूद केली, १९७९ मध्ये ‘फेमा’ ही आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था आली आणि १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने आजची चौकट घातली. तीन दिवस घराने तग धरावा, तोवर बाहेरची मदत पोहोचेल, असा हा हिशोब. तो गृहीत धरतो की रस्ते शाबूत असतील, किंवा निदान लवकर मोकळे होतील.

ग्रामीण काउंटीत हे गृहीतक कच्चे ठरते. अमेरिकेत ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत आणि आपत्तीत पहिली जबाबदारी काउंटीवरच येते. पण लहान काउंटीत आपत्ती व्यवस्थापनाचे काम बहुधा एकच माणूस पाहतो आणि तोही पुष्कळदा अर्धवेळ. देशातील सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. आपत्ती येते तेव्हा त्यांचीही घरे त्याच पाण्यात किंवा आगीत असतात. पाण्याचा प्रश्न तर शहरी माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. शेतावरच्या घराला पुष्कळदा नळयोजना नसते. स्वतःची विहीर असते आणि तिचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की दाबटाकीत उरलेले पाणी काही बादल्यांत संपते. नंतर पिण्याचे पाणी नाही, शौचालयात ओतायला पाणी नाही, आणि गोठ्यातल्या जनावरांना तर रोज कितीतरी पिंपे लागतात. शिवाय पूर विहिरीत शिरला असेल, तर वीज परतल्यावरही तपासणी होईपर्यंत ते पाणी पिता येत नाही.

२००० च्या आपत्ती सौम्यीकरण (म्हणजे आपत्तीची हानी आधीच कमी करण्याच्या) कायद्याने काउंट्यांना धोक्यांचा आराखडा करून दर पाच वर्षांनी तो नव्याने मंजूर करून घेण्यास भाग पाडले. त्याशिवाय सौम्यीकरणाची बहुतेक केंद्रीय अनुदाने मिळत नाहीत. त्यामुळे पूररेषा आणि वणव्याचे पट्टे कागदावर आले, हे मोठे काम झाले. पण कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात, कोणाकडे गाडी नाही, हे असल्या नकाशांत सहसा दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्यूट काउंटीत पॅराडाइज गाव जळाले. त्या वणव्यातील ८५ मृतांत बहुतांश वृद्ध होते. टोर्नेडोच्या बळींमध्येही ‘मोबाइल होम’, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे असते, आणि अशा घरांना तळघर नसते.

वायव्येकडील ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी आता तीन दिवसांचा आकडा सोडला आहे. तिथल्या किनाऱ्यासमोरच्या कॅस्केडिया भूपट्टसीमेवर २६ जानेवारी १७०० रोजी प्रचंड भूकंप झाला होता. ही तारीख जपानमध्ये पोहोचलेल्या त्सुनामीच्या नोंदींवरून निश्चित झाली. तसा भूकंप पुन्हा झाल्यास किनारपट्टीचे पूल कोसळतील हे मान्य करून दोन्ही राज्ये कुटुंबांना दोन आठवड्यांची तयारी करायला सांगतात. सल्ला योग्य आहे, पण तो पाळणे खर्चाचे आहे. तांदूळ आणि डबाबंद अन्न दर महिन्याला थोडे थोडे जमवता येते. इन्सुलिनचे तसे नाही. विमा कंपन्या मुदतीआधी औषध पुन्हा देण्यास सहसा राजी नसतात, आणि मिळालेच तर वीज नसलेल्या घरात ते थंड ठेवण्याची सोय लागते.