मेल खोडले, मग जागा गेली कुठे?

"सर, अकरा हजार मेल खोडले, तरी फाइल जागची हालत नाई!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या महाविद्यालयातले बाबू वैतागले होते. एक्स्चेंज 2007 (मायक्रोसॉफ्टची मेल सांभाळणारी प्रणाली) चा जुना सर्व्हर, सगळे मेल साठवणारी 20 जीबीची डेटाबेस फाइल, डिस्क काठोकाठ. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली होती, पण डिस्कला त्याचा पत्ता नव्हता.

या एक्स्चेंजची फाइल 8 किलोबाइटच्या पानांची असते. 20 जीबी म्हणजे 26 लाखांवर पानं. ती 'बी-ट्री' पद्धतीने बांधलेली असतात. वरचं पान फक्त सांगतं की अमुक क्रमांकापर्यंत डावीकडे जा, पुढचं उजवीकडे. दोन-चार उड्यांत नेमकी नोंद सापडते. गंमत पुढे आहे. भरलेल्या पानाच्या मधोमध नवी नोंद घुसवायची झाली, की पान दुभंगतं आणि अर्ध्या नोंदी नव्या पानावर जातात. म्हणजे दोन्ही पानं अर्धी रिकामी. त्यातून मेल खोडले, की आणखी भोकं पडतात.

खोडलेला मेलही लगेच जात नाही. साधारणपणे 14 दिवस राखून ठेवला जातो. मग रात्री 1 ते 5 च्या देखभालीत सर्व्हर तो खरोखर काढतो, शेजारची विरळ पानं एकत्र करतो आणि सुटलेलं पान 'रिकामं' म्हणून लिहून ठेवतो. ते पान विंडोजला मात्र परत देत नाही. तुरीची पोती उचलली, तरी गोदाम लहान होत नाही, तसंच. किती जागा रिकामी आहे ते विंडोजच्या नोंदवहीत (इव्हेंट लॉग) 1221 क्रमांकाच्या नोंदीत दिसतं. आमच्याकडे 7 जीबी निघाली.

फाइल खरोखर लहान करायची तर डेटाबेस बंद करून 'ईएसईयूटिल' हे एक्स्चेंजसोबत येणारं दुरुस्तीचं साधन चालवावं लागतं. ते जुन्या फाइलमध्ये सरकवासरकव करत नाही. शेजारी नवी फाइल बांधतं आणि नोंदी क्रमाने, दाटीने लावत जातं. म्हणून फाइलच्या 110 टक्के, म्हणजे आमच्यासाठी 22 जीबी, मोकळी जागा हाताशी ठेवायची असा ठोकताळा आहे. जागा मिळवायला आधी जागा लागते! आम्ही जादा डिस्क जोडली. रविवारी रात्री काम अर्ध्यावर असताना लाइन गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. तरी जुनी फाइल शाबूत राहिली, कारण अदलाबदल अगदी शेवटी होते. अर्धवट फाइल फेकली, पुन्हा सुरू केलं. सकाळी फाइल 13 जीबीवर आली होती.

"मंग दर महिन्याले करू का?" बाबूंनी विचारलं. अजिबात नको. ते 7 जीबी प्रवेशाच्या दिवसांतल्या मेलांनी आपोआप भरले असते. दरमहा हे करायला सांगणारे वार्षिक देखभालीचे ठेकेदार आणि लिंबू बांधणारे मला एकाच पंगतीतले वाटतात. आमची डिस्कच संपत आली होती, म्हणून उठाठेव केली.

चहा मात्र मी थांबवला, कारण पूर्ण बॅकअप राहिला होता. नव्या फाइलची ओळखखूण बदललेली असते, त्यामुळे जुने व्यवहार-लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली) तिला लागू पडत नाहीत. दुपारी डिस्क बसली असती, तर हाती रविवारच्या आधीचाच डेटा उरला असता.